आधी सर्व्हर उठला पाहिजे

कोंढ्यात सर्व्हर असतो असं सांगितलं की पुण्याचे मित्र हसतात. हसू द्या. भंडारा-पवनी रस्त्यावरच्या आमच्या या गावांत पतसंस्था आहेत, कॉलेजं आहेत, राइस मिल आहेत आणि त्यांच्या मागच्या खोलीत एखादं यंत्र रात्रंदिवस घुमत असतं. दिवाळीनंतर धानाचे पैसे खात्यात पडले की काउंटरसमोर रांग लागते. बाबू स्क्रीनकडे बघून ‘घ्या’ किंवा ‘थांबा’ म्हणतो, तो या यंत्राला विचारूनच. अशा यंत्रांची देखभाल हे माझं पोट भरायचं काम आहे. त्यातल्या सगळ्यात लहान आणि सगळ्यात दुर्लक्षित भागाबद्दल इथे लिहितोय.

एका पतसंस्थेचा जुना सर्व्हर उघडला होता. रविवार, काउंटर बंद. झाकण काढलं तर पंख्यांच्या पात्यांवर मिलच्या भुशाची पिवळट पूड बसलेली. ब्लोअर मारला, मनगटाला अर्थिंगचा पट्टा बांधला. समोरच्या बाजूला दोन मोठ्या डिस्क होत्या. आणि मदरबोर्डच्या कडेला, साटाच्या पोर्टमध्ये थेट उभा खोचलेला एक तुकडा. दोन बोटांत मावेल एवढा, वर दोन काळ्या चिप, बाजूला वीज घेणारी बारीक दोन तारांची वायर. व्यवस्थापक साहेब मागून वाकून बघत होते.

“का जी, एवढ्याशा तुकड्यात आमची अख्खी सोसायटी?”

“सोसायटी नाही साहेब, सोसायटी त्या दोन डिस्कांत आहे. यात फक्त सकाळी मशीन उठवायचं सामान.”

“मग याचं एवढं काय?”

“हा गेला तर खाती सुरक्षित राहतील. पण दिसणार नाहीत कोणालाच.”

या तुकड्याला साटा डॉम म्हणतात, म्हणजे डिस्क ऑन मॉड्यूल. १६, ३२, ६४, १२८ जीबी अशा मापांत येतो. सुपरमायक्रोच्या बऱ्याच मदरबोर्डवर यासाठी एक-दोन पोर्ट वेगळ्या रंगाचे असतात आणि त्यांतूनच वीज मिळते, वायर लागत नाही. यात ऑपरेटिंग सिस्टिम ठेवायची आणि समोरचे कप्पे डेटासाठी मोकळे सोडायचे, असा हा हिशेब. हिशेब चांगलाच आहे. सिस्टिम बिघडली तर डेटाला हात न लावता ती पुन्हा टाकता येते. यंत्रच जळालं तर डेटाच्या डिस्क दुसऱ्या यंत्रात नेता येतात.

बटण दाबल्यावर मदरबोर्डवरचं फर्मवेअर आधी रॅम, पंखे, कार्डं तपासतं. सर्व्हरला यातच दोन-चार मिनिटं जातात आणि नवखा माणूस घाबरतो. मग ते बूटची जागा शोधतं. मॉड्यूलवरच्या काहीशे एमबीच्या छोट्या पार्टिशनमधून बूटलोडर रॅममध्ये येतो, तो लिनक्सचा कर्नल उचलतो आणि कर्नल बाकीची सिस्टिम उभी करतो. त्यानंतर या तुकड्याला दिवसभर फारसं काम नसावं. नुसतं वाचून फ्लॅश मेमरी सहसा झिजत नाही. ती झिजते लिहून, आणि त्याहूनही पुसून.

म्हणून मी आधी लॅपटॉप जोडून स्मार्टसीटीएल चालवतो. एका ओळीच्या या कमांडने डिस्कचा तब्येतीचा अहवाल समोर येतो: किती तास चालली, वीज किती वेळा अचानक गेली, राखीव ब्लॉक किती उरले, झीज किती झाली. या तुकड्याची झीज शेवटाला आली होती. कारण शोधायला वेळ लागला नाही. ज्याने कोणी यंत्र बसवलं, त्याने सिस्टिमबरोबर सगळे लॉग, स्वॅप आणि सॉफ्टवेअरच्या तात्पुरत्या फायलीही याच १६ जीबीवर सोडल्या होत्या. प्रत्येक लॉगिन, प्रत्येक पावती, प्रत्येक चुकीचा पासवर्ड इथे लिहिला जात होता.

गणित सोपं आहे. एमएलसी प्रकारच्या फ्लॅशचा ब्लॉक ढोबळमानाने ३,००० वेळा पुसून लिहिता येतो. १६ जीबी गुणिले ३,००० म्हणजे ४८,००० जीबी. ऐकायला भरपूर वाटतं. पण फ्लॅशमध्ये एक ओळ खोडून तिथेच दुसरी लिहिता येत नाही. लिहायचं ते पानापानाने आणि पुसायचं ते अनेक मेगाबाइटचा ब्लॉक एकदम. लॉगची दोनशे अक्षरांची ओळ लिहायला आत कित्येक पट उलाढाल होते. समजा दिवसाला २० जीबी लिखाण आणि आतली उलाढाल पाचपट, तर रोजचे १०० जीबी झाले. ४८० दिवसांत तुकडा संपला. तोशिबातल्या फुजिओ मासुओका यांनी १९८० च्या दशकात ही मेमरी शोधली, तेव्हापासून कंट्रोलर कितीतरी हुशार झाले आणि झीज सगळ्या ब्लॉकवर सारखी वाटू लागले, पण पुसण्याची ही अडचण मुळातलीच आहे.

यात एकट्या खेड्यातल्या मेकॅनिकला हसायचं कारण नाही. मोठ्या कंपन्यांच्या डेटा सेंटरांतही वर्षानुवर्षं व्हीएमवेअरची ईएसएक्सआय ही सर्व्हरची सिस्टिम एसडी कार्डावरून किंवा मदरबोर्डवर खोचलेल्या पेन ड्राइव्हवरून उठायची. सिस्टिम एकदा रॅममध्ये गेली की कार्डाला फार काम नसे, म्हणून खपून जायचं. २०२० मध्ये आलेल्या सातव्या आवृत्तीने डिस्कची मांडणी बदलली, बूटच्या जागेवरचं लिखाण वाढलं आणि पुढच्या वर्षी कार्डं खराब होण्याच्या तक्रारींचा पाऊस पडला. शेवटी व्हीएमवेअरनेच एसडी कार्डाचा नाद सोडा, टिकाऊ डिस्क लावा, असं सांगितलं. डेलने त्याआधीच, २०१७ च्या सर्व्हरांबरोबर, बॉस नावाचं कार्ड आणलं होतं: एका छोट्या कार्डावर एम डॉट टू जातीच्या दोन एसएसडी, एकमेकींची हुबेहूब नक्कल ठेवणाऱ्या. एचपीईचंही तशाच बेताचं कार्ड आहे. नव्या सर्व्हरांत हीच पद्धत रुळली आहे.

पतसंस्थेतही आम्ही तेच केलं. एम डॉट टू ची पट्टी २२ मिलिमीटर रुंद आणि बहुधा ८० मिलिमीटर लांब असते. तिरकी खोचायची, हळूच खाली दाबायची आणि टोकाला एक स्क्रू. हा स्क्रू इतका बारीक असतो की तो मदरबोर्डवर पडला तर अर्धा तास गेला म्हणून समजा. मी आधीच खाली कापड अंथरतो. पट्टी घेताना मी तिच्या टोकाकडे बघतो. सर्व्हरसाठी बनवलेल्या चांगल्या पट्टीवर छोट्या कपॅसिटरांची रांग असते, आणि कधी कधी तेवढ्यासाठी पट्टी ११० मिलिमीटरची करावी लागते. लाइन अचानक गेली तर कंट्रोलरला हातातलं लिखाण आणि कोणता डेटा कुठे आहे याचा नकाशा उतरवून ठेवायला या कपॅसिटरांमुळे क्षणभर वीज मिळते. आमच्याकडे मे महिन्यात वादळ सुटलं की लाइन जाते, यूपीएसची बॅटरी म्हातारी झालेली असते आणि नकाशा हरवलेली डिस्क दुसऱ्या दिवशी शून्य जीबीची दिसते. लॅपटॉपची स्वस्त पट्टी आणून सर्व्हरला लावणाऱ्यांना माझा विरोध आहे तो यासाठी.

कार्ड बसलं, दोन्ही पट्ट्यांचा मिरर केला, जुन्या तुकड्यावरून सिस्टिम उतरवून घेतली. लॉग आणि स्वॅप डेटाच्या डिस्कांवर वळवले. बरेच जण इथे थांबतात आणि बिल लावतात. पण खरी परीक्षा यापुढेच आहे. यंत्र बंद करायचं, एक पट्टी काढायची आणि चालू करून बघायचं. उठलं? मग ती परत लावायची, मिरर पूर्ण जुळू द्यायचा आणि दुसरी काढून तेच करायचं. दोन्ही बाजूंनी यंत्र उठल्याशिवाय तो मिरर मी मानत नाही. बूटलोडर एकाच पट्टीवर गेलाय, असं सॉफ्टवेअरने केलेल्या मिररमध्ये नेहमी सापडतं.

आणखी एक खोच आहे. अशा कार्डामागे ऑपरेटिंग सिस्टिमला एकच डिस्क दिसते. एक पट्टी मेली तरी काउंटरवर कोणाला पत्ता लागत नाही, काम चालूच राहतं, आणि दुसरी जाते त्या दिवशी सगळे ‘अचानक गेलं’ म्हणतात. म्हणून कार्डाच्या कंपनीचं देखरेखीचं सॉफ्टवेअर टाकून त्याचा इशारा व्यवस्थापकाच्या ईमेलवर आणि माझ्याही ईमेलवर जाईल अशी सोय केली. न बघितलेला मिरर आणि एकटी डिस्क यांत फरक धरू नये.

काढलेला साटा डॉम साहेबांनी हातात घेतला. “कपाटात ठेवतो, कधी गरज पडली तर लावू,” म्हणाले. मी नको म्हटलं. फ्लॅशमधली माहिती म्हणजे पेशीत अडकवलेला विद्युतभार. झिजलेल्या पेशीतून तो पाझरतो आणि उष्णतेत लवकर पाझरतो. जेडेक या संस्थेच्या मानकानुसार सर्व्हरच्या एसएसडीने आयुष्य संपताना, वीज नसताना, ४० अंशांवर तीन महिने माहिती धरून ठेवली तरी ती पास. भंडारा जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो आणि पत्र्याखालच्या खोलीतलं लोखंडी कपाट त्याहून तापतं. तो तुकडा दिवाळीला लावून काही मिळेल या भरवशावर कोणी राहू नये. त्याऐवजी सिस्टिमची ताजी प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर घेऊन ठेवली.

मोठ्या डेटा सेंटरांत कित्येक यंत्रांना बूट डिस्कच नसते. ती नेटवर्कवरून सिस्टिम ओढून घेतात. कोंढ्यात यंत्र एकच, ओढणार कोणाकडून? त्यामुळे छोट्या संस्थेलाच या तुकड्याची काळजी जास्त.

तुमच्या संस्थेसाठी सर्व्हर घेत असाल तर कोटेशनमध्ये डेटाच्या डिस्क किती टीबीच्या हे विचारताच, त्याखाली तीन गोष्टी लिहून मागा: बूटसाठी वेगळ्या दोन पट्ट्या, त्यांवर लाइन गेल्यावर सांभाळणारे कपॅसिटर, आणि एक-एक पट्टी काढून यंत्र तुमच्यासमोर उठवून दाखवायची अट. जो विक्रेता तिसऱ्या अटीला कां-कूं करेल, त्याचं कोटेशन बाजूला ठेवा. आणि सर्व्हर आधीच असेल तर धान खरेदीचा हंगाम सुरू होण्याआधी एकदा त्याच्या बूट डिस्कचा अहवाल काढून घ्या. पाच मिनिटांचं काम आहे.