वारंवार

दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरातल्या आमच्या सरकारी क्वार्टरच्या खिडकीतून दुधाचा बूथ दिसायचा. १९९४ च्या उन्हाळ्यात त्या बूथच्या कठड्याला टेकून एक माणूस उभा राहू लागला. मी कॉलेजला निघाले की तोही निघे. बसमध्ये मागच्या दाराने चढे आणि मी पुढच्या दाराने उतरले की माझ्यामागोमाग उतरे. बोलला मात्र कधीच नाही. आई म्हणाली, मान खाली घालून जात जा. बाबा सेक्शन ऑफिसर; त्यांनी सरकारी खाक्याने डायरी ठेवली. तारीख, वेळ, शर्टाचा रंग. अकरा नोंदी झाल्यावर मला घेऊन ते चौकीत गेले. "बेटा, उसने कुछ कहा? हाथ लगाया?" नाही. "तो फिर?"

त्या 'तो फिर?'चं उत्तर सापडतंय का, हे बघत मी पाठलागावरच्या कादंबऱ्या वाचत आले. बहुतेक निराश करतात. पाठलागाची खरी गोम अशी, की त्यातला प्रत्येक तुकडा सुटा काढला तर बिनदोष असतो. बूथपाशी उभं राहणं काही गुन्हा नाही आणि बसचं तिकीट तर कुणीही काढतं. थरारकथेला मात्र घटना हवी असते, म्हणून लेखक घाईघाईने चाकूपाशी पोचतो. त्याआधीच्या अकरा नोंदींचं त्याला काय!

आपल्याकडे ही गोष्ट जुनी आहे. विराटाच्या राजवाड्यातला कीचक म्हणजे दुसरं काय? सैरंध्री झालेली द्रौपदी नाही म्हणते, तरी तो हटत नाही. राणी सुदेष्णा भावाच्या बाजूने उभी राहते. भर दरबारात दाद मागितली तर राजा गप्प. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी १९०७ साली 'कीचकवध' रंगभूमीवर आणलं, तेव्हा प्रेक्षकांनी कीचकात लॉर्ड कर्झन पाहिला आणि द्रौपदीत परवश देश. सरकारलाही तेच दिसलं आणि १९१० मध्ये नाटकावर बंदी आली. रूपक जबरदस्त होतं, यात वाद नाही. पण रूपकाच्या झगमगाटात दासी म्हणून राबणारी, रोज त्याच दालनावरून जावं लागणारी बाई नजरेआड झाली, असं मला राहून राहून वाटतं.

पुढे भाऊ पाध्यांचा 'वासूनाका' आला, १९६५ मध्ये. आचार्य अत्र्यांनी त्यावर आसूड ओढला. भाषा अश्लील आहे की अस्सल, यावरच सगळी चर्चा खर्ची पडली. नाक्यावरच्या पोरांच्या तोंडची भाषा पाध्यांनी जशी पकडली तशी क्वचितच कुणी पकडली असेल. त्या नाक्यावरून रोज जाणाऱ्या मुलींच्या तोंडी आपण काय दिलं? बाकी मराठी वाचकाची भीती धारप-मतकरींनी जोपासली, ती वाड्यातली, अंधारातली, पलीकडच्या जगातली. भर दुपारी बसस्टॉपवर लागणारी भीती त्या मानाने उपाशीच राहिली. वर्तमानपत्रांनी तर दोन शब्दांत विषय मिटवला: 'एकतर्फी प्रेमातून'. १९९० साली उल्हासनगरात दहावीच्या परीक्षा केंद्रात एका मुलीला जाळून मारलं गेलं, तेव्हाही हेच शब्द. हे शब्द पाठलाग करणाऱ्याचे आहेत. त्यात प्रेम त्याचं, तर्फही त्याचीच.

'डर' हा सिनेमा १९९३ च्या नाताळात लागला. नायक म्हणे सनी देओल; पण आमच्या गल्लीतली पोरं मागे लागणाऱ्या शाहरुखसारखी अडखळत नाव घेऊ लागली होती.

इंग्रजीत हा प्रांत बराच नांगरला गेलाय. जॉन फाउल्सच्या 'द कलेक्टर'मधला (१९६३) क्लेग नगरपालिकेतला साधा कारकून, फुलपाखरं जमवणारा. लॉटरीसारखा पैसा हाती येतो आणि तो मिरांडाला पळवून तळघरात ठेवतो. कारकुनांच्या वसाहतीत वाढलेल्या मला त्याचा नीटनेटकेपणा जास्त घाबरवून गेला. फाउल्सचा खरा डाव असा, की अर्धी गोष्ट क्लेगने सांगून झाल्यावर मिरांडाची डायरी सुरू होते. तेच दिवस, तेच तळघर, पण आता आपण आतून बघतो. इयन मॅकइवनच्या 'एन्ड्युरिंग लव्ह'मध्ये (१९९७) मागे लागणारा आणि ज्याच्या मागे लागतात तो, दोघेही पुरुष. तिथे पोलिसांना पटत नाही आणि घरातली बाईही शंका घेते. मला ती कादंबरी सर्वांत खरी वाटते. कॅरोलिन केप्नेसच्या 'यू'चा (२०१४) निवेदक पुस्तकांच्या दुकानातला. सबंध कादंबरी तो त्या मुलीला उद्देशून बोलतो. इंग्रजीत त्या संबोधनाला धार नाही. मराठीत करायची झाली तर पहिल्याच ओळीत 'तू' म्हणावं लागेल, आणि अनोळखी बाईला 'तू' म्हटलं की उंबरा तिथेच ओलांडला गेला.

दिल्लीत या सगळ्याला एक नाव आहे, प्रियदर्शिनी मट्टू. दिल्ली विद्यापीठात कायदा शिकणारी मुलगी. तिने एकदा नव्हे, अनेकदा तक्रारी केल्या. तिला पोलीस संरक्षणही मिळालं होतं. २३ जानेवारी १९९६ ला वसंत कुंजमध्ये तिचा खून झाला. आरोपी वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्याचा मुलगा. १९९९ मध्ये तो सुटला, २००६ मध्ये उच्च न्यायालयाने त्याला दोषी ठरवून फाशीची शिक्षा सुनावली, २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती जन्मठेपेवर आणली. म्हणजे तिच्याही नोंदी होत्या, आमच्या डायरीपेक्षा कितीतरी पक्क्या.

पाठलाग हा स्वतंत्र गुन्हा झाला २०१३ मध्ये, न्यायमूर्ती वर्मा समितीच्या अहवालानंतर, भारतीय दंड संहितेचं कलम ३५४ड. आता भारतीय न्याय संहितेत ते ७८ आहे. बाईने स्पष्ट नापसंती दाखवल्यावरही मागे जाऊन वारंवार संपर्क साधणं किंवा साधू पाहणं, किंवा तिच्या इंटरनेटच्या वापरावर पाळत ठेवणं. पहिल्या खेपेला तीन वर्षांपर्यंत शिक्षा, पण गुन्हा जामीनपात्र. दुसऱ्या खेपेला पाच वर्षांपर्यंत, आणि जामीन हक्काने मिळत नाही. मला त्यातला 'वारंवार' महत्त्वाचा वाटतो. बहुतेक कादंबरीकारांना जे जमलं नाही ते कायद्याच्या मसुद्याने केलं, सुट्या तुकड्यांची बेरीज केली. गंमत म्हणजे त्याच वर्षी, २०१३ च्या जूनमध्ये, 'रांझणा' हा सिनेमा आला आणि लोकांनी पुन्हा मागे लागणाऱ्यासाठीच डोळे पुसले.

बाबा गेल्यावर कपाट आवरताना ती डायरी सापडली. चौकीतून आल्यावर त्यांनी लिहिणं थांबवलं असेल असं मी धरून चालले होते. थांबवलं नव्हतं. तो दिसल्याच्या एकोणीस नोंदी आहेत. विसाव्या दिवशी तो बूथपाशी आला नाही, तिथे तारखेपुढे त्यांनी लिहिलंय, 'नाही'. दुसऱ्या दिवशी 'नाही'. जुलै संपेपर्यंत रोज, त्याच सुवाच्य अक्षरात, सकाळची वेळ घालून, 'नाही'. ते दिवस मला आठवतात. तो उभा असायचा तेव्हा मी फक्त बूथकडे बघायचे. तो यायचा थांबला तेव्हापासून मी सगळीकडे बघू लागले.