ताईंचा वेळ

प्रशियाच्या सरकारने १८५१ साली किंडरगार्टनवर बंदी घातली. चार-पाच वर्षांची मुलं लाकडी ठोकळे रचतात, गाणी म्हणतात, बागेत वाफे करतात, यात त्या राजवटीला धोका दिसला. किंडरगार्टनची कल्पना मांडणाऱ्या फ्रिड्रिख फ्रोबेलच्या पुतण्याच्या लिखाणाशी फ्रोबेलचं नाव जोडलं गेलं आणि नास्तिकपणाचा नि समाजवादाचा ठपका या बालोद्यानांवर आला. पुढच्याच वर्षी फ्रोबेल वारला. बंदी उठली १८६० मध्ये. तोवर त्याच्या शिष्या आणि परागंदा झालेली जर्मन कुटुंबं ही कल्पना घेऊन बाहेर पडली होती. अमेरिकेतलं पहिलं किंडरगार्टन १८५६ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या वॉटरटाउन या गावी एका जर्मन बाईंनी आपल्या घरातच सुरू केलं.

बालशिक्षण हा राजकारणाबाहेरचा विषय आहे, असं ज्यांना वाटतं त्यांनी हा इतिहास जरूर वाचावा. तीन ते सहा वर्षांच्या मुलाला दिवसाचे काही तास घराबाहेर कुणाच्या हाती सोपवायचं, त्याचा खर्च कुणी करायचा, आणि त्या मुलांसमोर बसणाऱ्या बाईंना शिक्षिका मानायचं की मदतीला आलेली कुणी, या प्रश्नांवर सरकारं अडखळली आहेत. देशोदेशीची धोरणं वाचताना माझं एक मत पक्कं होत गेलं. अभ्यासक्रम चांगले लिहिता येतात, इमारती रंगवता येतात, खेळणी विकत आणता येतात. बालशिक्षण खरोखर घडतं की नाही, हे मात्र त्या बाईंच्या हाताशी मुलांसाठी मोकळा वेळ किती उरतो यावर ठरतं.

आपल्याकडे हे फार लवकर कळलं होतं. गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये भावनगरला बालमंदिर काढलं. तिथे ताराबाई मोडक त्यांच्या सहकारी झाल्या आणि १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला. मॉन्टेसरीची पद्धत या मंडळींना मनापासून पटली होती, पण तिची साधनं महाग आणि ती परवडणारी मुलं शहरातली, हे शल्य ताराबाईंना होतं. १९४५ मध्ये त्या बोर्डीला गेल्या. अनुताई वाघ तिथे त्यांना येऊन मिळाल्या आणि पुढे दोघींनी डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर काम नेलं. शिंपले, बिया, खडे, पानं ही तिथली साधनं झाली. वारली मुलं शाळेकडे येईनात, तेव्हा शाळा पाड्यावर गेली, अंगणात भरली. गुरांमागे जाणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. धाकटं भावंड कडेवर घेऊन येणाऱ्या मुलीला परत पाठवायचं नाही, म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणणारी विकासवाडी उभी राहिली. या सगळ्यामागे सकाळी पाड्यावर जाऊन मुलांना गोळा करणाऱ्या, त्यांना अंघोळ घालून केस विंचरणाऱ्या आणि मग त्यांच्याशी गप्पा मारत बसणाऱ्या बायका होत्या. त्यांचा सगळा वेळ त्या मुलांचा होता. कोसबाडचं यश सांगताना हा भाग बहुधा गाळला जातो, म्हणून तो इथे मुद्दाम सांगतो आहे.

एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातल्या ३३ प्रकल्पांतून सुरू झाली. कोसबाडला रुळलेलं अंगणवाडी हेच नाव या योजनेच्या केंद्रांना मिळालं. आज देशात जवळपास १४ लाख अंगणवाड्या आहेत, आणि त्यांनी केलेलं काम अफाट आहे. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, मातांचं आरोग्य-पोषण शिक्षण आणि मुलांचं पूर्वशालेय शिक्षण अशा सहा सेवा ही योजना देते. कुपोषणाच्या छायेतल्या देशात आहाराला अग्रक्रम मिळाला, हे योग्यच झालं. पण सहाही सेवांचा भार एका सेविकेवर आणि एका मदतनीसावर पडला. मुलांची वजनं-उंच्या, गरोदर मातांच्या नोंदी, टीएचआरचं म्हणजे घरी न्यायच्या शिध्याचं वाटप, सर्वेक्षणं, आणि २०२१ पासून मोबाइलवर भरायचा पोषण ट्रॅकर. वजन भरलं नाही तर वरून विचारणा होते. आज मुलांना गोष्ट सांगितली का, हे मात्र कुणी विचारत नाही. ज्याची विचारणा होते ते काम आधी उरकतं आणि शिक्षणाला उरलासुरला वेळ मिळतो.

कायद्यानेही हा वयोगट असाच मागे ठेवला. मूळ राज्यघटनेच्या ४५व्या अनुच्छेदात १४ वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांच्या शिक्षणाचं मार्गदर्शक तत्त्व होतं. त्याला खालची वयोमर्यादा नव्हती. २००२ च्या ८६व्या घटनादुरुस्तीने ६ ते १४ वयाला मूलभूत हक्क दिला आणि सहा वर्षांखालच्या मुलांसाठी राज्याने प्रयत्न करावा, एवढ्यावर भागवलं. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचं ११वं कलम पूर्वप्राथमिक शिक्षणाची सोय सरकारच्या मर्जीवर सोडतं. ही मोकळी जागा बाजाराने भरली. गल्लोगल्ली ज्युनिअर केजी, सीनियर केजीचे फलक लागले. नर्सरीच्या प्रवेशासाठी चाचण्या आणि मुलाखती घेऊ नयेत, असं यशपाल समितीने १९९३ मध्येच सांगितलं होतं. बालवाडी प्रवेशांच्या नियमनासाठी महाराष्ट्राने १९९६ मध्ये कायदाही केला. तरी साडेतीन वर्षांच्या मुलाला वही-पेन्सिल आणि गृहपाठ देणारे वर्ग वाढतच राहिले. गरीब घरचं मूल अंगणवाडीत खिचडी खाऊन परततं, थोड्या बऱ्या घरचं मूल केजीत ओळी गिरवतं, आणि दोघांच्याही वाट्याला खेळ येत नाही. मला यात सर्वांत जास्त दुःख वाटतं ते दुसऱ्या मुलाच्या आईवडिलांचं. पोटाला चिमटा काढून ते जी फी भरतात, तिच्या बदल्यात मुलाच्या वयाला न झेपणारं काहीतरी विकत घेतात.

परदेशांत सगळं आलबेल आहे, असा समज करून घेण्याचं कारण नाही. अमेरिकेत १९६५ मध्ये गरीब मुलांसाठी हेड स्टार्ट हा कार्यक्रम सुरू झाला. १९७१ मध्ये सर्वांसाठी बालसंगोपनाची व्यवस्था उभारणारं विधेयक दोन्ही सभागृहांत मंजूर झालं आणि राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी नकाराधिकार वापरून ते परत पाठवलं. मुलं वाढवणं कुटुंबाचं काम, सरकारने सामुदायिक संगोपनाच्या बाजूला उभं राहू नये, असा त्यांच्या निवेदनाचा सूर होता. गंमत अशी की बालशिक्षणाच्या फायद्याचा सर्वांत गाजलेला पुरावा त्याच देशातला आहे. मिशिगनमधल्या इप्सिलांटी गावी १९६२ ते १९६७ या काळात गरीब कृष्णवर्णीय कुटुंबांतल्या १२३ मुलांचा पेरी प्रीस्कूल प्रयोग झाला. त्यांतल्या ५८ मुलांना बालशाळा मिळाली, उरलेल्या ६५ जणांना नाही. वयाच्या चाळिशीपर्यंत त्यांचा मागोवा घेतला गेला. बालशाळेत गेलेल्यांचं शिक्षण आणि कमाई अधिक, तुरुंगवाऱ्या कमी. अर्थशास्त्रज्ञ जेम्स हेकमन यांनी या गुंतवणुकीचा वार्षिक परतावा ७ ते १० टक्के काढला आणि तो आकडा जगभरच्या भाषणांत शिरला. त्या शाळेत पाच-सहा मुलांमागे एक प्रशिक्षित शिक्षिका होती आणि ती दर आठवड्याला प्रत्येक मुलाच्या घरी जाऊन आईसोबत दीड तास बसत असे, हे त्या भाषणांत क्वचितच येतं. परतावा मिळाला तो या वेळाचा.

बालशाळा नुसती उघडली की फायदा होतोच असं नाही, हेही अमेरिकेतच दिसलं. टेनेसी राज्याच्या सरकारी पूर्वप्राथमिक वर्गांचा व्हँडरबिल्ट विद्यापीठातल्या संशोधकांनी अनेक वर्षं अभ्यास केला. त्याचे २०२२ मध्ये आलेले निष्कर्ष धक्कादायक होते. सहावीपर्यंत पोहोचताना या वर्गांत गेलेली मुलं न गेलेल्यांपेक्षा अभ्यासात मागे होती आणि त्यांच्या शिस्तीच्या तक्रारीही जास्त होत्या. कॅनडातल्या क्युबेक प्रांताने १९९७ मध्ये रोजच्या पाच डॉलरांत बालसंगोपनाची सोय केली. हजारो आया नोकरीवर जाऊ शकल्या, ही मोठी कमाई. पण मागणी इतक्या झपाट्याने वाढली की दर्जा सगळीकडे सारखा राखता आला नाही. मुलांमधली अस्वस्थता आणि आक्रमकता वाढल्याचं अर्थतज्ज्ञांच्या अभ्यासांत दिसलं. ना-नफा केंद्रांचा दर्जा मात्र खासगी केंद्रांहून चांगला होता. स्वस्त जागा निर्माण करणं आणि चांगली जागा निर्माण करणं यांतलं अंतर क्युबेकने पुरेपूर अनुभवलं.

स्वीडनने हे अंतर बरंच कमी केलं, आणि त्यासाठी वेळ घेतला. १९७० च्या दशकापासून बालशाळा वाढत गेल्या. १९९६ मध्ये त्या समाजकल्याण खात्याकडून शिक्षण खात्याकडे आल्या आणि १९९८ मध्ये त्यांना पहिला राष्ट्रीय अभ्यासक्रम मिळाला. २००२ पासून पालकांच्या फीवर कमाल मर्यादा आहे. तीन वर्षांपुढच्या प्रत्येक मुलाला वर्षाला ५२५ तास मोफत मिळतात. खातं बदलणं वरवर कागदी वाटतं, पण त्यामुळे बालशाळेतल्या शिक्षिकेची गणना शिक्षकांत होऊ लागली. आपल्याकडे अंगणवाडी महिला व बालविकास विभागाची आणि पहिलीचा वर्ग शालेय शिक्षण विभागाचा. तीन ते आठ वर्षांचा सलग पायाभूत टप्पा २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने आखला, पण त्याच्या मधोमध दोन विभागांची हद्द जाते.

पैसा नसलेल्या देशांनी काय करावं, याचं एक उत्तर जमैकाने दिलं आहे. किंग्स्टनमधल्या वाढ खुंटलेल्या १२९ मुलांचा तो प्रयोग होता. त्यांतल्या काही घरी आरोग्य कार्यकर्त्या दोन वर्षं आठवड्यातून एक तास जात आणि आईला मुलाशी खेळायला, बोलायला शिकवत. खेळणी साधी, घरगुती. बाविसाव्या वर्षी त्या मुलांची कमाई इतरांहून सुमारे २५ टक्क्यांनी जास्त होती. माणसांच्या वेळाचं असंच मोल न्यूझीलंडमध्येही दिसलं, जिथे १९८२ पासून माओरी समाजाने कोहांगा रेओ ही बालकेंद्रं काढली. तिथे आजीआजोबा आपली बुडत चाललेली भाषा बाळांशी बोलून जगवू लागले. पुढे १९९६ मध्ये आलेल्या ‘ते फारिकी’ या राष्ट्रीय अभ्यासक्रमात माओरी विचाराला मानाचं स्थान मिळालं.

आपल्या प्रश्नाचं सर्वांत थेट उत्तर तमिळनाडूतून आलं आहे. तिथल्या ३२० अंगणवाड्यांत एक प्रयोग झाला. चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या निम्म्या केंद्रांना अर्धवेळ जास्तीची एक सेविका दिली, जिचं काम फक्त पूर्वशालेय शिक्षण. कार्तिक मुरलीधरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दीड वर्षाने मोजमाप केलं. शिकवण्याचा वेळ दुप्पट झाला होता, मुलांच्या भाषेत आणि गणितात ठळक सुधारणा होती. शिवाय मूळच्या सेविकेचे हात मोकळे झाल्याने वाढ खुंटण्याचं आणि तीव्र कुपोषणाचं प्रमाणही घटलं. शिक्षण आणि पोषण एकमेकांच्या वाटणीतून काही घेत नाहीत, दोघांना माणूस कमी पडतो, हे इतक्या स्वच्छपणे दाखवणारा दुसरा भारतीय प्रयोग मला माहीत नाही.

त्या माणसाची आपण काय किंमत करतो? केंद्र सरकारचं सेविकेचं मानधन २०१८ मध्ये दरमहा ४,५०० रुपये झालं. राज्यं त्यात आपली भर घालतात. पगार म्हटलं तर कर्मचाऱ्याचे हक्क द्यावे लागतील, म्हणून ते मानधनच राहिलं. सेविका-मदतनीसांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाला एप्रिल २०२२ मध्ये सांगावं लागलं. महाराष्ट्रातल्या सेविका ४ डिसेंबर २०२३ पासून संपावर गेल्या आणि तो संप सात आठवड्यांहून जास्त चालला. वाढीव मानधन, ग्रॅच्युइटी, पेन्शन या त्यांच्या मागण्या होत्या. बातम्यांत तो मुख्यतः आहार थांबल्याची गैरसोय म्हणून आला. इतके दिवस लाखो मुलांचं शिक्षण थांबलं, असा मथळा माझ्या वाचनात आला नाही.

मे २०२३ मध्ये केंद्राने ‘पोषण भी पढाई भी’ ही मोहीम सुरू केली आणि मार्च २०२४ मध्ये तीन ते सहा वयासाठी ‘आधारशिला’ हा अभ्यासक्रम दिला. तो चांगला आहे, खेळावर भर देणारा आहे. बारावी झालेल्या सेविकांना सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आणि कमी शिकलेल्यांना वर्षाची पदविका, अशी योजनाही राष्ट्रीय धोरणात आहे. पण हे शिक्षण मोबाइलवर, दूरचित्रवाणीवर, नेहमीची कामं सांभाळून घ्यायचं आहे. सहा सेवांच्या जोडीला सातवी. तमिळनाडूचा धडा समोर असताना महाराष्ट्राने आधी आदिवासी तालुक्यांत, मग सर्वत्र, फक्त शिक्षणासाठी दुसरी सेविका नेमावी. सेविका त्याच गावची, त्याच पाड्यावरची असावी हा नियम आहे, तो तसाच ठेवावा. मेळघाटात कोरकू आणि डहाणूत वारली बोलणारी शिक्षिका मुलाला पहिल्याच दिवशी मिळणं या नियमामुळेच शक्य आहे, आणि न्यूझीलंडच्या माओरींना त्यासाठी चळवळ करावी लागली होती. त्या ताईला प्रशिक्षण कामाच्या वेळात मिळावं, शिक्षिकेचा पगार मिळावा, आणि सकाळच्या दोन तासांत तिच्या हातात ना मोबाइल असावा, ना रजिस्टर.