गाडीचे कर्ज : हप्त्यामागचे व्याज

नवी मोटार घ्यायला गेलो की विक्रेता आधी मासिक हप्ता सांगतो. आपण एकूण परतफेड विचारावी. समजा, ५ लाखांचे कर्ज ५ वर्षांसाठी घेतले. ९ टक्के व्याज उरलेल्या मुद्दलावर असेल, तर हप्ता सुमारे १०,३८० रुपये आणि एकूण व्याज १ लाख २३ हजारांच्या आसपास. तोच दर ‘फ्लॅट’ असेल, तर व्याज २ लाख २५ हजार! कारण फेडून टाकलेल्या मुद्दलावरही ते चालूच राहते. इकडे गाडीची किंमत मात्र दरवर्षी उतरते. म्हणून गाडी रोजच्या कामाची असेल, तरच कर्ज काढावे. तेही पदरची रक्कम जास्त घालून आणि मुदत कमी ठेवून. नुसत्या हौसेसाठी असेल, तर तोच हप्ता दरमहा बँकेत टाकावा आणि थोडे थांबावे.