युद्धभूमीवरील शुश्रूषा

रुग्णालय म्हटले की देणगीदारांच्या डोळ्यांसमोर इमारत, शस्त्रक्रियागृह आणि यंत्रसामग्री उभी राहते. अहवालातील आकडेही बहुधा त्यांचेच असतात. शस्त्रक्रियेनंतर रुग्ण वाचतो तो पुष्कळदा परिचारिकेच्या जागरूकतेमुळे, हे मात्र जमाखर्चात दिसत नाही. म्हणून यंदा सोलापूरच्या एका सुनेची हकिकत येथे देत आहोत.

जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनला १९३८ साली काँग्रेसने पाच डॉक्टरांचे पथक पाठविले. त्यातील सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस सर्वांस परिचित आहेत. त्यांच्या पत्नी गुओ चिंगलान यांच्याविषयी आपल्याकडे फारच थोडे लिहिले गेले. बीजिंगमधील नामांकित रुग्णालयातील परिचारिकेची नोकरी सोडून त्या ऐन विशीत स्वेच्छेने उत्तर चीनच्या डोंगराळ युद्धक्षेत्रात गेल्या.

तेथे पेनिसिलीन नव्हते. जखम चिघळली की जंतू रक्तात पसरत. कॅनडाचे विख्यात शल्यविशारद डॉ. नॉर्मन बेथ्यून यांनाही शस्त्रक्रिया करताना बोटाला झालेली इजा भोवली आणि १२ नोव्हेंबर १९३९ रोजी त्यांचे निधन झाले. अशा ठिकाणी उकळून घेतलेली उपकरणे, स्वच्छ पट्ट्या, वेळेवर बदललेली मलमपट्टी, ताप व नाडीची नोंद यांवरच जखमींचे प्राण अवलंबून असत. हे करणारी माणसे तिथल्या तिथे घडवावी लागत. बेथ्यून यांच्या नावाच्या आरोग्य विद्यालयात गुओ चिंगलान शुश्रूषाशास्त्र शिकवीत. आमच्या मते त्यांची सर्वांत मोठी सेवा हीच. एकटी परिचारिका रात्रभरात किती खाटांपाशी पोहोचणार?

चिंचणी परिसरात युद्ध नाही. तथापि तारापूरच्या कारखान्यात भाजलेला कामगार असो, डहाणूच्या पाड्यावरील बाळंतीण असो वा मधुमेहाने पायाची जखम न भरणारे वृद्ध मच्छीमार असोत, त्यांना जंतुसंसर्गापासून जपण्याचे काम तेच आहे. परिचारिकांच्या प्रशिक्षणाला दिलेल्या देणगीची पाटी कोणत्याही भिंतीवर लागत नाही, हे आम्ही जाणतो. तरीही विश्वस्त व हितचिंतकांनी या खर्चाचा विचार इमारतीच्या आधी करावा, अशी आमची विनंती आहे.

१९४१ च्या नोव्हेंबरात गुओ चिंगलान यांचा डॉ. कोटणीसांशी विवाह झाला. पुत्राचे नाव यिनहुआ ठेवले. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. ९ डिसेंबर १९४२ रोजी डॉक्टर अपस्माराने निवर्तले, तेव्हा बाळ साडेतीन महिन्यांचे होते. तेही पुढे वैद्यकीचे शिक्षण घेत असताना १९६७ साली गेले. गुओ चिंगलान मात्र अनेकदा भारतात येऊन कोटणीस कुटुंबीयांना भेटत राहिल्या. २०१२ साली चीनमधील दालियान येथे त्यांचे निधन झाले.