गिल्बर्ट हिलचं खरं वय किती?

अंधेरी पश्चिमेला, भवन्स कॉलेजच्या जवळ, इमारतींच्या गर्दीत एक काळा कातळ सरळसोट उभा आहे. उंची साधारण ६० मीटर, माथ्यावर गावदेवीचं मंदिर. हीच गिल्बर्ट हिल. तिच्याबद्दल काहीही वाचायला घ्या, एक वाक्य हमखास सापडतं: 'वय ६ कोटी ६० लाख वर्षं, म्हणजे डायनोसॉर नष्ट झाले तेव्हाची.' हे वाक्य तपासायचं, तर आधी अग्निजन्य खडक कसे बनतात आणि त्यांना नावं कशी पडतात ते बघू.

शिलारस येतो कुठून?

आपल्या पायाखाली सगळीकडे लाव्हा खदखदतोय असं अनेकांना वाटतं. तसं नाहीये. कवचाखालचं प्रावरण जवळजवळ सगळं घनच आहे. ते प्रचंड तापलेलं असतं, पण वरच्या दाबामुळे वितळत नाही. प्रेशर कुकर आठवा. आत दाब असेपर्यंत पाणी १०० अंशांना उकळत नाही, दाब कमी झाला की उकळतं. प्रावरणातला तप्त खडक वर सरकला, किंवा वरचं कवच ताणून पातळ झालं, तर दाब घटतो आणि खडकाचा थोडा भाग वितळतो. हा झाला शिलारस. तो जमिनीवर आला की त्यालाच लाव्हा म्हणायचं.

नाव कसं ठरतं?

दोनच प्रश्न विचारायचे. पहिला: खडक थंड कुठे झाला? जमिनीत खोलवर हळूहळू थंड झाला तर स्फटिकांना वाढायला वेळ मिळतो, ते डोळ्यांना दिसतात. ग्रॅनाइट आणि गॅब्रो असे बनतात. जमिनीवर पटकन थंड झाला तर कण बारीक राहतात. आपला पाटा-वरवंट्याचा काळा दगड, म्हणजे बेसाल्ट, हा असा.

दुसरा प्रश्न: सिलिका किती? बेसाल्टमध्ये साधारण ५० टक्के, ट्रॅकाइटमध्ये ६० ते ६५, रायोलाइटमध्ये ७० च्या पुढे. त्यामुळे ओट्यावरचा 'ब्लॅक ग्रॅनाइट' बऱ्याचदा ग्रॅनाइट नसतोच. सिलिका कमी असलेला गॅब्रो किंवा डोलेराइट असतो. दुकानदाराशी मात्र यावरून वाद घालू नका!

ज्वालामुखीचा आकारही बराचसा सिलिकावर ठरतो. कमी सिलिकेचा लाव्हा पातळ, तो दूरवर पसरतो. दख्खनमध्ये तो लांबच लांब भेगांतून आला आणि थरावर थर साचले. सह्याद्रीच्या पायऱ्या त्यातूनच घडल्या. सिलिका जास्त असली की लाव्हा घट्ट होतो, वायू अडकतात आणि स्फोट होतात.

मुंबईत दोन्ही प्रकार आहेत, म्हणून इथला भूविज्ञानाचा अभ्यास इतका मजेशीर आहे. गिल्बर्ट हिल बेसाल्टची. मनोरी आणि साकीनाक्याला ट्रॅकाइट. बोरिवलीच्या जंगलातली कान्हेरी लेणी कोरली आहेत ती ज्वालामुखी ब्रेचियात, म्हणजे खडकांचे तुकडे एकत्र घट्ट बसून झालेल्या दगडात. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या भिंती बघा: राखाडी दगड कुर्ल्याचा बेसाल्ट, पिवळसर तो मालाडचा ट्रॅकाइट.

ते खांब कसले?

गिल्बर्ट हिलच्या कड्यावर उभे बहुकोनी खांब दिसतात. ते कोणी कोरलेले नाहीत. खडक थंड होताना आकसतो आणि त्याला तडे जातात, उन्हाळ्यात तळ्याचा चिखल भेगाळतो तसे. थंडावा जसजसा आत शिरतो, तसतसे तडेही आत वाढत जातात आणि खांब सुटे दिसू लागतात.

आता वय

खडकातल्या पोटॅशियमचा एक किरणोत्सारी प्रकार अतिशय सावकाश आर्गॉन वायूत बदलतो. खडक वितळलेला असताना हा वायू निसटून जातो. घट्ट झाल्यावर आत अडकतो. म्हणजे खडक गोठला की घड्याळ सुरू. साठलेला आर्गॉन मोजला की वय कळतं.

हेतू शेठ, कांचन पांडे आणि रजनीश भूतानी यांनी याच तत्त्वावरच्या आर्गॉन-आर्गॉन पद्धतीने गिल्बर्ट हिलचं वय काढलं आणि २००१ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये छापलं: ६ कोटी ५ लाख वर्षं, १२ लाख इकडेतिकडे. मनोरी आणि साकीनाक्याच्या ट्रॅकाइटची वयंही ६ कोटी १० लाखांच्या आसपासच निघाली.

मग ६ कोटी ६० लाख हा आकडा आला कुठून? तो दख्खनच्या मुख्य उद्रेकाचा आहे. सह्याद्रीतले अवाढव्य थर साचले ते तेव्हा. गिल्बर्ट हिल त्यानंतर ५० लाख वर्षांच्या आसपास बनली. डायनोसॉरांनी ती पाहिलेली नाही!

'कोटींच्या हिशेबात ५० लाखांनी काय बिघडतं?' असं तुम्ही म्हणाल. बिघडतं. सगळं एकाच वेळचं मानलं, तर मुंबईचा ज्वालामुखी म्हणजे मोठ्या उद्रेकाचं नुसतं शेपूट ठरतो. वयं वेगळी निघाली, तर प्रश्नही वेगळा होतो: मुख्य उद्रेक ओसरल्यावर इथे पुन्हा शिलारस का तयार झाला? त्या सुमारास सेशेल्सचा तुकडा भारतापासून सुटत होता आणि पश्चिम किनाऱ्याचं कवच ताणलं जात होतं. ताण आला की दाब घटतो, आणि पुढचं तुम्हाला आता माहीत आहे.

एकेकाळी आजूबाजूचा दगड खाणींनी खाल्ला, मग इमारती पार पायथ्याला भिडल्या. २००७ मध्ये महापालिकेने टेकडीला द्वितीय श्रेणीच्या वारशाचा दर्जा दिला. वय मोजायला मूठभर ताजा दगड पुरतो, पण तो नेमका कुठल्या थरातला, शेजारच्या खडकाशी त्याचं नातं काय, हे कळायला टेकडी जागेवर उभी असावी लागते. खडीचा ढीग ते सांगू शकत नाही.