परदेशातली इंटर्नशिप मार्कशीटवर कशी येते? समजून घ्या क्रेडिटचं गणित

आठ आठवडे जर्मनीत इंटर्नशिप केली, कंपनीचं सर्टिफिकेट हातात आलं, लिंक्डइनवर फोटोही टाकले. पण कॉलेजमध्ये पहिला प्रश्न येतो, ‘याची परवानगी आधी घेतली होती का?’ उत्तर ‘नाही’ असेल, तर लाखोंचा खर्च करूनही एकही क्रेडिट पदरात पडत नाही आणि तीच इंटर्नशिप इथे पुन्हा करावी लागू शकते. ही वेळ येऊ नये यासाठी नियम काय आहेत, ते पाहूया.

क्रेडिट म्हणजे नेमकं काय?

क्रेडिट म्हणजे श्रेयांक, शिकण्यासाठी दिलेल्या वेळेचं माप. 2023 च्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यानुसार 30 तासांचं शिक्षण म्हणजे 1 क्रेडिट. वर्षाचे 1200 तास, म्हणजे 40 क्रेडिट. यात फक्त वर्गातले तास नाहीत. प्रयोगशाळा, प्रकल्प, इंटर्नशिप आणि कामाचा अनुभवही धरला जातो. मात्र अट एक आहे, त्याचं मूल्यमापन झालं पाहिजे.

फक्त अनुभव पुरेसा का नाही?

इथेच बहुतेकांची गल्लत होते. क्रेडिट अनुभवाला मिळत नाही, त्या अनुभवातून जे शिकलं त्याला मिळतं. दोन विद्यार्थी एकाच कंपनीत दोन महिने होते असं समजा. एकानं फक्त फाइल्स लावल्या, दुसऱ्यानं मशीनमधल्या बिघाडाचा डेटा तपासून अहवाल लिहिला. दोघांचे तास सारखे, शिकणं वेगळं. म्हणून कॉलेजं साधारणपणे कामाची रोजची डायरी, कंपनीतल्या मार्गदर्शकाचा अभिप्राय, अंतिम अहवाल आणि तोंडी परीक्षा यांवरून गुण देतात.

जास्त तास केले तर जास्त क्रेडिट?

नाही. यूजीसीच्या मार्गदर्शक सूचनांनुसार पदवीच्या विद्यार्थ्यांना चौथ्या सत्रानंतर 60 ते 120 तासांची इंटर्नशिप करायची असते आणि तिला 2 ते 4 क्रेडिट असतात. आता हिशेब करा. आठ आठवडे, आठवड्याला 40 तास, म्हणजे 320 तास. 30 ने भागलं तर 10 पेक्षा जास्त क्रेडिट होतात. पण अभ्यासक्रमात इंटर्नशिपसाठी 4 च क्रेडिटची जागा असेल, तर मिळणार 4 च.

परदेशी विद्यापीठात सत्र केलं तर?

युरोपात ईसीटीएस ही क्रेडिट पद्धत आहे. तिथे वर्षाला 60 क्रेडिट आणि एका क्रेडिटला 25 ते 30 तास. म्हणजे एका सत्राचे 30. भारतात याचे किती धरायचे?

• वर्षाच्या प्रमाणात: तिथले 60 म्हणजे इथले 40. त्यामुळे 30 चे होतात 20.
• तासांच्या प्रमाणात: 750 ते 900 तास. 30 ने भागले तर 25 ते 30.

फरक थेट 5 ते 10 क्रेडिटचा आहे. म्हणून कोणता हिशेब धरणार, हे कॉलेजकडून जाण्याआधीच लेखी घ्या.

ट्विनिंग पदवी असेल तर 2022 च्या यूजीसी नियमांनुसार परदेशी संस्थेतले क्रेडिट एकूण क्रेडिटच्या 30 टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाहीत.

एबीसी खात्यात मी स्वतः जमा करू शकतो का?

नाही. अॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स, म्हणजे एबीसी, 2021 पासून आहे. पण ती विद्यार्थ्याकडून थेट कागदपत्रं स्वीकारत नाही. क्रेडिट देणारी नोंदणीकृत संस्थाच ते जमा करते. परदेशी कंपनी क्रेडिट देत नाही, ती फक्त पुरावा देते. त्यामुळे मूल्यमापन आणि नोंद, दोन्ही कामं तुमच्या कॉलेजला किंवा विद्यापीठालाच करावी लागतात.

युरोपात हे कसं करतात?

इरॅस्मस प्लस योजनेत इंटर्नशिप सुरू होण्याआधीच लर्निंग अॅग्रीमेंट होतं. विद्यार्थी, त्याची संस्था आणि यजमान कंपनी असे तिघेही सही करतात. काम काय, त्यातून काय शिकायचं, देखरेख कोण करणार, मूल्यमापन कसं होणार, हे सगळं त्यात असतं. परतल्यावर वाद घालायला फारशी जागाच उरत नाही. तुमच्या कॉलेजकडे असा फॉर्म नसेल, तरी हेच मुद्दे एका पानावर लिहून सही घेता येते.

तिकीट काढण्याआधी हे करा

• विभागप्रमुखांकडून लेखी मंजुरी घ्या. तोंडी ‘हो’ पुरेसं नाही.
• किती क्रेडिट आणि कोणत्या विषयाऐवजी, हे मंजुरीपत्रात लिहून घ्या.
• कॉलेजमधला मार्गदर्शक नेमून घ्या.
• तिथे रोजची डायरी ठेवा. तास आणि काम, दोन्ही लिहा.
• सर्टिफिकेटवर तारखा, एकूण तास, कामाचं स्वरूप आणि अभिप्राय असल्याची खात्री तिथून निघण्याआधी करा. परत आल्यावर ईमेलवरून दुरुस्ती मिळवणं कठीण जातं.
• परतल्यावर महिन्याभरात एबीसी खातं तपासा. नोंद दिसत नसेल तर लगेच परीक्षा विभागात अर्ज द्या.

व्हिसासाठी जेवढी कागदपत्रं जमवता, त्यापेक्षा ही यादी छोटी आहे. पण यातला पहिला कागद राहिला, तर बाकीच्यांचा उपयोग होईलच असं नाही.