जाळ्याचं शिसं आणि घरातला पाळणा



आज मासळीचा भाव नाही, मत्स्यबीजाची तारीख नाही. विषय जरा लाजेचा आहे, पण आपल्याच घरातला आहे.

लग्नाला तीन-चार वर्षं झाली आणि दिवस गेले नाहीत की आपल्याकडे आधी सुनेला दवाखान्यात नेतात, मग देवाला. मुलाची तपासणी सगळ्यात शेवटी, तीही झाली तर. खरं तर अशा जोडप्यांत जवळपास निम्म्या ठिकाणी पुरुषाकडेही काही ना काही कारण सापडतं.

आता आपल्या धंद्याचं बघू. जाळं, दोरी आपण खडेबाजारातून आणतो, पण शिशाच्या गोळ्या बरेच जण घरीच ओततात. जुन्या बॅटरीचं शिसं, चुलीवर कढई, शेजारी पोरं खेळतात. शिसं 327 अंशांना वितळतं. आच त्याच्या फार पुढं गेली की डोळ्याला न दिसणारा धूर उठतो. वरची मळी काढताना धूळ उडते. मग गोळी दातानं दाबून जाळ्याला बसवायची आणि त्याच तळहातावर निपाणीची तंबाखू मळून तोंडात टाकायची! असं शिसं पोटात जातं, रक्तात उतरतं, हाडांत वर्षानुवर्षं राहतं. अंगात शिसं वाढलं की शुक्राणूंची संख्या आणि हालचाल कमी होऊ शकते. तंबाखूचा त्रास वेगळाच. लहान पोरांच्या मेंदूला तर शिसं फारच वाईट.

1977 साली अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या एका कीटकनाशक कारखान्यातले कामगार आपसात बोलत होते. त्यांच्या लक्षात आलं, आपल्यापैकी बऱ्याच जणांना मूलच होत नाही. तपासणी केली तर कित्येकांच्या वीर्यात शुक्राणू फार कमी, काहींत अजिबात नाहीत. डीबीसीपी नावाचं औषध त्याला कारण होतं. ते बोलले म्हणून कळलं. आपणही बोलूया.

प्रत्येक घरात शिसंच कारण असेल असं आम्ही म्हणत नाही. कारण डॉक्टरच सांगतील. पण घरात शिसं ओतणं बंद करा, गोळ्या तयार आणा. दात नको, पक्कड वापरा. खाण्याआधी साबणानं हात धुवा. कामाचे कपडे वेगळे धुवा. शुक्राणूंना थंडावा लागतो, म्हणून घट्ट नायलॉनच्या चड्डीपेक्षा सैल सुती बरी.

वीर्य तपासणीत सुई नाही, दुखणं नाही. आधी 2 ते 7 दिवस संबंध टाळायचा, एवढंच. डॉक्टरांना आपलं काम काय ते नक्की सांगा. शुक्राणू तयार व्हायला अडीच महिने लागतात, तेव्हा सवय बदलली तरी तीन महिने धीर धरा.

आणि तोवर सुनेला बोल लावू नका. दोघांनी मिळून दवाखान्यात जा.

आपली संस्था